ठेका कोणाच्या नावे, काम कोणाचे?

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. छिंदवाड्यापासून वेगळे व्हावे की न व्हावे, यावर ज्याला जे बोलायचे ते बोलून झाले आहे. आता त्याच्या पुढचे बोलू. नवा जिल्हा म्हणजे कचेरीवरची नुसती नवी पाटी नव्हे. नवा जिल्हा म्हणजे इमारती, सिमेंटचे रस्ते, नाल्या, पाण्याच्या टाक्या, टेबल-खुर्च्या, छपाई, भाड्याच्या गाड्या, साफसफाई. थोडक्यात, ठेके. पांढुर्णा आणि सौंसर या दोन नगरपालिका, मोहगाव, लोधीखेडा, पिपळा नारायणवार इथल्या नगर परिषदा, आणि रामाकोन्यासारख्या ग्रामपंचायती, या सगळ्यांच्या हातून वर्षाला जो पैसा बाहेर जातो, तो कोणाच्या खिशात जातो?

रामाकोन्याच्या बसस्टँडवर चहा पिणाऱ्या कोणालाही विचारा. तो दोन-चार नावे बोटांवर मोजून दाखवील. बहुधा ती खरीही असतील. पण बोटांवरचा हिशेब ग्रामसभेत चालत नाही आणि कोर्टात तर मुळीच चालत नाही. अनुसूचित जातीच्या ठेकेदाराला किती कामे मिळाली, गोंड समाजातल्या किती जणांना मिळाली, स्त्रियांच्या किती समूहांना मिळाली, याचा लेखी हिशेब आमच्या माहितीच्या एकाही पंचायतीत किंवा पालिकेत लावलेला आम्ही पाहिला नाही. पांढुर्णा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. म्हणजे मत कोणाला द्यायचे ते कायद्याने ठरवले, पण पैसा कोणाला जातो ते पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही.

ही मोजणी नवी नाही. आपल्याच माणसाने ती ऐंशी वर्षांपूर्वी करून दाखवली होती. १९४२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला दिले. त्यात नोकऱ्या आणि शिक्षण होतेच, पण सरकारी बांधकामाचे ठेकेही होते. केंद्रीय बांधकाम खात्याच्या यादीत हजारावर ठेकेदार होते आणि त्यांत अनुसूचित जातीचा केवळ एक, हे त्यांनी सरकारच्याच कागदांवरून दाखवले. बाबासाहेबांच्या जयंतीला भाषणे करणाऱ्यांनी हा आकडा सांगितलेला आम्ही क्वचितच ऐकला आहे. नोकरीतल्या राखीव जागांवर वाद घालताना आपले आवाज चढतात. ठेक्यांवर मात्र सगळे गप्प, कारण तिथे राखीव असे काही नव्हतेच आणि जे होते ते न लिहिता राखीव होते.

अमेरिकेत रिचमंड नावाचे शहर आहे. तिथली निम्मी वस्ती त्या काळी कृष्णवर्णीयांची होती. पण १९७८ ते १९८३ या पाच वर्षांत शहराने दिलेल्या मुख्य बांधकाम ठेक्यांत अल्पसंख्याकांच्या धंद्यांचा वाटा होता ०.६७ टक्के. पूर्ण एक टक्काही नाही. तेव्हा १९८३ मध्ये नगर परिषदेने नियम केला की, ठेका कोणीही घेवो, त्यातले ३० टक्के काम अल्पसंख्याकांच्या धंद्यांना द्यावे. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे असे की, वस्तीच्या टक्क्याशी तुलना करून भागत नाही. ते काम करू शकणारे धंदे किती आणि त्यांतल्या किती जणांना काम मिळाले, हे दाखवा. तेव्हापासून तिथली शहरे असा नियम करण्याआधी असे अभ्यास करवून घेतात. कोणी निविदा भरली, कोणाची नाकारली, का नाकारली, पैसे किती दिवसांनी दिले, सगळे मोजतात.

रिचमंडच्या यादीची आणखी एक गंमत आहे. अल्पसंख्याकांत त्यांनी एस्किमोंनाही धरले होते. त्या गावात एखाद्या एस्किमोवर ठेक्याच्या बाबतीत अन्याय झाल्याचा पुरावा कोणाकडे नव्हता. न्यायालयाने नेमके त्यावर बोट ठेवले. हे सांगण्याचे कारण आहे. आपल्यातले काही जण म्हणतात, "मध्यप्रदेशात आपण मराठी लोकच भाषिक अल्पसंख्याक आहोत, आपल्यालाच वाटा द्या." १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो, हे खरे. भोपाळहून येणारी निविदा हिंदीत येते, हेही खरे. शाळांतल्या मराठीसाठी भांडायचे तर आम्ही पुढे असू. पण सौंसर-पांढुर्ण्यात मराठी माणूस ठेक्यावाचून राहिला असे म्हणणे हे आपले नाव एस्किमोच्या ओळीत लिहिण्यासारखे आहे. आपल्या भागातली ठेकेदार मंडळी बव्हंशी मराठीच बोलतात. प्रश्न भाषेचा नाही, मराठी घरांतल्या कोणत्या घरांचा आहे, हा आहे.

आता भोपाळकडे येऊ. १२ आणि १३ जानेवारी २००२ रोजी भोपाळला दलित-आदिवासी विचारवंतांची परिषद झाली आणि त्यातून 'भोपाळ घोषणापत्र' निघाले. दिग्विजय सिंह तेव्हा मुख्यमंत्री होते. सरकारी खरेदीतला ३० टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यावा, असे धोरण त्यांच्या सरकारने आणले. देशात असे काही प्रथमच होत होते, आणि ते आपल्या राज्यात होत होते. किती जणांना हे आठवते? डिसेंबर २००३ मध्ये सरकार बदलले आणि त्या कार्यक्रमाचा जोर ओसरला. राज्यशास्त्राच्या अभ्यासक सुधा पै यांनी २०१० साली याच प्रयोगावर पुस्तक लिहिले आहे. त्यातला मुख्य मुद्दा आम्हांस पटतो. कार्यक्रम वरून आला, खालून त्याला धरून ठेवणारे संघटित बळ नव्हते. आमच्या मते त्यात आणखी एक उणीव होती. टक्का आधी ठरला, मोजणी नंतर व्हायची होती. जे मोजलेच नाही ते गेले तरी कोणाला कळत नाही.

पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची संस्था काढली, 'डिक्की' या नावाने ती ओळखली जाते. तिने खरेदीतल्या वाट्याचा प्रश्न दिल्लीपर्यंत नेला. २०१२ मध्ये केंद्र सरकारने सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी खरेदीचे धोरण काढले. एकूण खरेदीच्या २० टक्के माल या उद्योगांकडून घ्यायचा आणि त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून. २०१८ मध्ये २० चे २५ झाले आणि त्यात स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांसाठी ३ टक्के वेगळे काढले. झाले काय? लघुउद्योगांचा एकूण वाटा लक्ष्याच्या वर गेला. अनुसूचित जाती-जमातींचा मात्र वर्षानुवर्षे ४ टक्क्यांच्या पुष्कळ खाली राहिला आणि स्त्रियांचे ३ टक्केही भरेनात. तरी हे आपल्याला आज सांगता येते, कारण केंद्राने आकडे लावून ठेवले. आणि हे धोरण केंद्राची खाती आणि केंद्राच्या कंपन्या यांच्यापुरते आहे. सौंसरच्या नालीला किंवा रामाकोन्याच्या रस्त्याला ते लागू नाही.

कर्नाटकाने बांधकामाच्या लहान ठेक्यांत अनुसूचित जातींना १७.१५ आणि जमातींना ६.९५ टक्के राखून ठेवले. सुरुवातीला मर्यादा ५० लाखांची होती, २०२३ मध्ये ती एक कोटीवर नेली. २०२५ मध्ये त्यात मुसलमानांसाठी ४ टक्के घालणारे विधेयक आले, त्यावर वादळ उठले आणि राज्यपालांनी ते राष्ट्रपतींकडे पाठवले. आपल्याकडे असे राखीव ठेके मागावेत का, यावर आमच्या मंडळात एकमत नाही आणि या लेखात ते दाखवण्याचा आग्रहही नाही. मोजणी व्हावी यावर मात्र दुमत नाही.

टक्क्यांच्या चर्चेत जे हरवते ते निविदेच्या अटींत सापडते. महाराष्ट्रातले प्रकरण पाहा, ते आपल्या माहेरच्या मुलखातले. अंगणवाडीतल्या मुलांना आणि गरोदर बायांना घरी नेण्याचा जो आहार देतात, त्यात ठेकेदार घालू नका, गावची माणसे, बचत गट, महिला मंडळे यांना काम द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्येच दिला होता. पुढे काय झाले? न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या २०१२ मधल्या अहवालात दिसले की, महाराष्ट्रात महिला संस्थांच्या नावाने जे काम चालले होते, त्याच्या मागे खाजगी ठेकेदारच उभे होते. २०१६ मध्ये राज्याने नवी निविदा काढली. किंमत सुमारे ६,३०० कोटी. तालुक्या-तालुक्यांचे प्रकल्प एकत्र बांधून मोठे गट केले आणि उलाढालीची अट अशी घातली की, गावातला बचत गट दारातही उभा राहू नये. कागदावर मात्र ही निविदा महिला मंडळे आणि बचत गटांसाठीच होती! लहान गट न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सर्व ठेके रद्द केले आणि लहान गटांना भाग घेता येईल अशी नवी निविदा काढायला सांगितले.

त्या निविदेत 'गरीब बायांना काम देऊ नये' असे कुठेही लिहिलेले नव्हते. अटीच तशा होत्या.

आपल्या गावच्या निविदांतही हेच पाहायचे असते. एका वॉर्डातली लहान-लहान पाच कामे असतील, नालीचे एक, फरशीचे एक, शाळेच्या भिंतीचे एक, तर ती पाच निविदा काढून पाच जणांना देता येतात किंवा एकत्र बांधून एकालाच. एकत्र बांधली की उलाढालीची अट वाढते, अमानत राशी वाढते. दहा लाखांच्या कामावर दोन टक्के धरले तरी वीस हजार रुपये आधी भरून महिनोन्महिने अडकवावे लागतात. ज्याच्या घरी संत्र्याचा बगीचा आहे त्याला ते जड नाही. ज्याच्या घरी मजुरी आहे त्याला वीस हजार म्हणजे एका लग्नाचा अर्धा खर्च. मग अनुभवाचा दाखला. काम केल्याचा दाखला असल्याशिवाय काम नाही आणि काम मिळाल्याशिवाय दाखला नाही. रिचमंडच्या न्यायालयाने 'काम करू शकणारे धंदे किती' हे मोजायला सांगितले, ते ठीकच. पण आपल्या अटींनीच लोकांना त्या यादीबाहेर ठेवले आणि मग यादी मोजली, तर सगळे आलबेल दिसेल. म्हणून मोजणी दोन ठिकाणी करावी लागेल. यादीत किती आहेत, आणि यादीत येऊ पाहणारे किती परत गेले.

सर्वांत वाईट अट निविदेत लिहिलेली नसते. ती म्हणजे बिलाची वाट पाहणे. आपल्याकडे बचत गटाला समूह म्हणतात. गावोगावच्या शाळांत दुपारचे जेवण हे समूह रांधतात, काही वर्षे शाळेचे गणवेश शिवण्याचे कामही समूहांना दिले गेले. या बायांना विचारा, त्या कामाविषयी तक्रार करत नाहीत, पैशाविषयी करतात. डाळ-तेल उधारीने आणायचे, किराणा दुकानदाराचे तोंड चुकवायचे आणि देयक कधी निघेल ते कोणी सांगायचे नाही. मोठा ठेकेदार सहा महिने थांबू शकतो, त्या मुदतीचे व्याज तो दरातच धरतो. समूह थांबला तर मोडतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात माल किंवा सेवा घेतल्यावर ४५ दिवसांच्या आत पैसे देण्याचे बंधन आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ, व्याज द्यावे लागते. बांधकामाच्या ठेक्यांना तो कितपत लागू, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत, पण पुरवठ्याला तो लागू आहे. उद्योगाची नोंदणी केलेल्या आपल्याकडच्या किती बायांना ही तरतूद ठाऊक आहे? आणि ठाऊक असली तरी ज्याच्याकडून पुढचे काम घ्यायचे त्याच्याविरुद्ध अर्ज कोण करील?

आता आपल्या घरात डोकावू. ही पत्रिका जुन्या घरांत जाते, म्हणून हे इथेच लिहिणे भाग आहे. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. त्याआधी बाजाराची बैठकी कोणाला, मोहाची झाडे कोणाला, तलाव कोणाला, हे वाड्यात ठरे. वाड्याचा तो हक्क गेला, पण वाड्याची ओळख, कागदाची जाण आणि हाताशी असलेली रोकड राहिली. त्या बळावर अनेक घरांनी पुढे ठेकेदारी धरली आणि त्यात काही गैर नाही. गैर आहे ते पुढचे. स्त्रियांना सवलत आहे म्हटले की लायसन सुनेच्या नावाने निघते. सुनेने सही करायची, निविदा दिराने भरायची, पैसे सासऱ्याने मोजायचे. अनुसूचित जातीच्या उद्योजकाला अमानत राशीत सूट आहे म्हटले की शेतावरच्या जुन्या माणसाच्या मुलाचे नाव पुढे केले जाते. 'सरपंच-पती' हा शब्द आपण हसत-हसत वापरतो. 'ठेकेदार-पती' हा शब्द अजून रूढ झाला नाही, इतकेच.

केंद्राच्या धोरणात भागीदारी असेल तर ५१ टक्के हिस्सा त्या प्रवर्गातल्या व्यक्तीचा असावा लागतो. पण हिस्सा कागदावर असतो. बँकेच्या खात्यावर सही कोणाची चालते, काम पाहायला साइटवर कोण जाते, इंजिनिअरशी कोण बोलते, हे विचारले तर खोटे नाव पाच मिनिटांत उघडे पडते. आमची विनंती आहे की, आपल्या घरांनी हे आपणहून थांबवावे. ज्या सुनेला खरोखर धंदा करायचा आहे तिला करू द्यावा. आपल्या भागातल्या मुली इंजिनिअरिंग शिकून नागपूरला नोकरी करतात, त्यांना इथला ठेका चालवता येणार नाही असे कोण म्हणेल?

यावर ठरलेला आक्षेप येतो. "सगळ्यांत कमी दर ज्याचा, काम त्याचे. यात जात कुठे आली?" दर कमी असणे चांगलेच. पण निविदा निघाल्याची बातमी कोणाला आधी कळते, ती भरायला किती दिवस मिळतात, तीन निविदा भरणारे तिघे एकाच घरातले तर नाहीत ना, हेही पाहायला नको का? दुसरा आक्षेप कामाच्या दर्जाचा. यावर आम्ही एवढेच म्हणू की, आपल्याकडचे जे रस्ते पहिल्या पावसात उखडले, ते काही राखीव ठेक्यातले नव्हते. तिसरे कोणी म्हणेल, आता सगळे ई-टेंडरने होते, माणसाचा हात लागत नाही. भोपाळला ई-टेंडरमध्येच फेरफार झाल्याचे प्रकरण २०१८ मध्ये गाजले आणि २०१९ मध्ये त्यावर गुन्हा नोंदवला गेला, हे त्यांनी आठवावे. शिवाय यंत्र अटी वाचून दाखवते, अटी माणूसच लिहितो.

तेव्हा आमची मागणी लहान आहे. पांढुर्णा आणि सौंसर नगरपालिकांनी, तिन्ही नगर परिषदांनी आणि रामाकोना ग्रामपंचायतीने गेल्या तीन आर्थिक वर्षांचा एक तक्ता लावावा. काम कोणते, रक्कम किती, निविदा कधी निघाली, किती जणांनी भरली, किती नाकारल्या आणि कोणत्या अटीवर, काम कोणाला मिळाले, बिल कधी दिले आणि पैसे कधी मिळाले. कोणा एका माणसाची जात विचारायची नाही. प्रवर्गांची आणि स्त्री-मालकीची फक्त बेरीज द्यावी. 'उद्यम' नोंदणीत प्रवर्ग आणि मालक स्त्री की पुरुष हे आधीच लिहिलेले असते, तेव्हा 'आमच्याकडे माहिती नाही' हे उत्तर पूर्णपणे खरे धरता येणार नाही. ज्यांची नोंदणी नाही त्यांची संख्या वेगळी लिहावी, तीही माहितीच आहे.

हा तक्ता आपणहून लावला तर उत्तम. नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. अर्जाचे शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जाचा मसुदा मंडळाच्या कार्यालयात हिंदीत तयार आहे आणि समजून घेण्यासाठी त्याची मराठी प्रतही ठेवली आहे. रामाकोन्याचा विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडायचा आहे. स्वयंपाक करणाऱ्या समूहांतल्या बायांनी त्या दिवशी आपली थकीत देयके तारखेसह कागदावर लिहून आणावीत. लिहिण्यात अडचण असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी कार्यालयात यावे, कोणी ना कोणी बसलेले असेल.